विरारची बादली, राजोडीचा बंब

विरार (पश्चिम),
१८ नोव्हेंबर २०२४

मटिल्डा विहीणबाईंना यमुना पेडणेकरचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे ठणठणीत आहेत. हे व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिता येत नाही, कारण तिथे तुमचा जॅक्सन आणि माझी ज्ञानदा दोघंही वाचतात. काही गोष्टी मुलांनी वाचायच्या नसतात, त्यांच्या आयांनी आपसात मिटवायच्या असतात. फोन करावा तर आमचे हे शेजारी बसून पेपर वाचल्यासारखं करतात आणि कान इकडे. म्हणून तुमच्या राजोडीची एलिसा आमच्या बाजारात भाजी घेऊन बसते, तिच्या टोपलीतून हे पाठवते आहे.

डोहाळजेवणाला तुम्ही आलात, मुक्काम केलात, मला फार बरं वाटलं. ज्ञानदा हिरव्या साडीत किती गोड दिसत होती! तुमची वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी संपली. अर्धी ह्यांनीच संपवली, डायबेटीस असताना.

आता मुद्द्याचं. काल ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, "आमच्या बंबात दिवसभर कडकडीत पाणी असतं," आणि पुढे दोन जोडलेले हात. विहीणबाई, जोडलेल्या हातांचा अर्थ मला कळतो. आमच्या बाथरूमच्या नळाला गरम पाणी बारीक येतं ही बातमी राजोडीपर्यंत गेलेली दिसते. खरं आहे. गार सोडलं तर नुसता दणका, आणि गरम सोडलं तर शिवणाच्या दोऱ्याएवढी धार. पण ही किरकोळ बाब आहे. हे दुरुस्तीला लागलेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा बंबाचं कौतुक ग्रुपवर नको, ही विनंती. रागावू नका.

तुमची
यमुना


राजोडी,
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय यमुनाताई,

पत्र मिळालं. किती वर्षांनी कुणी मला शाईने लिहिलं! शाळेत शिकवायचे तेव्हा आजारी मुलांच्या आयांच्या चिठ्ठ्या यायच्या, त्यानंतर तुमचीच. त्या चिठ्ठ्यांतही आजार नेहमी किरकोळच असायचा.

मी बंबाचं वर्णन केलं, बाकी काही नाही. बंब आहे, तांब्याचा आहे, माझ्या सासूचा आहे आणि वाडीत झावळ्या पडलेल्या आहेत. त्यात माझा काय दोष? पण एलिसा काल माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "टीचर, विरारच्या बाईंकडं बादली भरपर्यंत त्यांचा नवरा अख्खा पेपर वाचतो, जाहिराती धरून." हे तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. तिच्याकडून मुळा घेताना तुमच्यापैकीच कुणीतरी सांगितलं असेल.

ताई, स्पष्ट लिहिते. जानेवारीच्या थंडीत बाळंतीण आणि तान्हं मूल, दोघांना भरपूर गरम पाणी लागतं. तुमच्या नळाच्या धारेने बादली भरेपर्यंत मूल बसायला शिकेल. ज्ञानदाला माझ्याकडे पाठवा. तुम्हीही या, हवं तितकं राहा. घर मोठं आहे. आमचे बॅप्टिस्ट गेल्यापासून त्यात माझ्या एकटीच्या चपलांचा आवाज येतो.

सोबत दुधी पाठवते आहे. प्रल्हादरावांना सांगा, डायबेटीसला चांगला.

तुमची
मटिल्डा


विरार,
१ डिसेंबर २०२४

श्रीमती मटिल्डा टीचर यांस,

दुधी मिळाला. कडू निघाला.

आमच्याकडे दुरुस्ती जोरात आहे. ह्यांनी आधी नळाच्या तोंडाची जाळी काढली. आत वाळू, गंज आणि पांढरा क्षार. टँकरच्या दिवसांची सगळी आठवण त्या जाळीत बसली होती. ब्रशने घासली, परत लावली. धार तेवढीच. मग परेश प्लंबरला बोलावलं. त्याने खांद्यात मोबाईल धरून नळ बदलला, एकदाही मान वर करून पाहिलं नाही, आणि जाताना म्हणाला, "काकी, गीझरच म्हातारा झालाय." आता नळ असा चकाकतो की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. पाणी तेवढं येत नाही.

पण म्हणून बाळंतीण राजोडीला? शनिवार आला की तुमच्या रस्त्यावर काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. समुद्रावर निघालेल्या गाड्या, त्यांतली गाणी, फटाके, वाढदिवसाचा केक एकमेकांच्या तोंडाला फासणारी पोरं. तान्हं मूल त्यात झोपेल का? तुमचा बंब तापेल, पण डोळा कुणाचा लागेल?

आणि आता मनातलं लिहिते, एकदाच. लग्न तुमच्या चर्चमध्ये झालं, मी पहिल्या बाकावर बसून रडले आणि हसले. रविवारी ती तुमच्याकडे जेवते, तुमच्याकडचं सार करायला शिकली, मला इंद्याळाच्या रश्श्याची कृती सांगते. मला बरंच वाटतं, देवाशपथ. पण ती आठवड्यातून एकदा शनिवारी येते आणि पर्स कडेलाच ठेवते, निघायला सोपं म्हणून. हे बाळंतपण एवढंच काय ते माझं उरलंय. सव्वा महिना माझी मुलगी माझ्या घरात झोपेल, माझ्या हातचा हळिवाचा लाडू खाईल, तिचं बाळ मी माझ्या पायांवर घेऊन न्हाऊ घालीन. एवढं मला ठेवा, विहीणबाई.

यमुना


राजोडी,
६ डिसेंबर २०२४

प्रिय यमुनाताई,

दुधी कडू निघाला त्याबद्दल एलिसाची कानउघाडणी केली. ती म्हणते तिच्या वेलाला असं कधी झालं नव्हतं, पत्रामुळे झालं असेल.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. मी तुमची मुलगी पळवायला निघालेली नाही. पण मलाही एकच मुलगा आहे, आणि हे नातवंड कदाचित एकच असेल. शनिवारचा गोंगाट खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण सोमवार ते शुक्रवार ह्या घरात इतकं शांत असतं की मी रेडिओ लावते आणि ऐकत नाही.

भांडायला आपण दोघी तयारीच्या आहोत, पण त्याने ज्ञानदाचं काय भलं होणार? ती दोघींना "हो आई, हो मम्मी" म्हणते आणि जॅक्सनला म्हणते, "मला आपल्या नालासोपाऱ्याच्या घरातच राहू दे." तो मला म्हणाला. म्हणजे आपण भांडत बसलो तर दोघींच्याही हाती काही लागायचं नाही. तेव्हा एक ठरवू. नाताळपर्यंत तुमच्या नळाला बाळाच्या अंघोळीपुरतं पाणी नीट यायला लागलं, तर ज्ञानदा विरारला येईल आणि मी बंबाबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही आलं, तर ती राजोडीला येईल आणि तुम्ही तिच्याबरोबर याल. कबूल?

मी लबाडी करत नाही ह्याचा पुरावा एलिसाकडे दिला आहे. ताडीपासून घरी केलेला सिरका, म्हणजे व्हिनेगर आहे, जुना, चांगला मुरलेला. इंद्याळात घालतो तोच. माझ्या टाकीची तोटी क्षाराने अशीच धरली होती, ह्यात भिजवून सुटली. गीझरच्या नळ्या काढून रात्रभर ह्यात बुडवा. प्रल्हादरावांना सांगा, बाटलीला ताडीचा वास येतो पण ती ताडी नाही.

मटिल्डा


विरार,
२१ डिसेंबर २०२४

श्रीमती मटिल्डा तुस्कानो,

सांगूनही ह्यांनी एक घोट घेतलाच. नंतर अर्धा दिवस बोलले नाहीत, घरात शांतता होती. त्याबद्दल आभार.

पण हे पत्र आभारासाठी नाही.

नळी काढायची तर आधी गीझरला जाणारं पाणी बंद करायला हवं. त्यासाठी गीझरच्या खाली, भिंतीतून जिथे नळी निघते, तिथे एक छोटी चावी असते. प्लंबर तिला अँगल कॉक म्हणतात. हे ती बंद करायला गेले. चावी फिरेना. गंजली असेल म्हणून जोर लावला, तरी फिरेना. मग ह्यांच्या लक्षात आलं, ती फिरत नाही कारण ती जवळजवळ बंदच आहे! गीझरमध्ये पाणी जातच नव्हतं, तर नळातून येणार कुठून? क्षार नाही, गंज नाही, म्हातारा गीझर नाही. कुणीतरी हाताने चावी बंद केली होती.

आता तुम्ही शाळेत होतात, तुम्ही सांगा. धार बारीक झाली डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी पहिली अंघोळ पाहुणी म्हणून कुणी केली? अंघोळ करून बाहेर येऊन "छान पाणी आहे हं, ताई" असं कोण म्हणालं? आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर बंबाचं वर्णन कुणी केलं?

मी आजवर कुणावर आळ घेतला नाही. आजही घेत नाही. नुसतं विचारते आहे. उत्तर एलिसाकडे द्या, आणि लवकर द्या. नाताळ चार दिवसांवर आलाय.

यमुना पेडणेकर


राजोडी,
२३ डिसेंबर २०२४

यमुनाताई,

घरात बाळ येशूची गव्हाण सजवायची आहे, करंज्या तळायच्या आहेत, आणि मी तुमच्या नळाच्या चावीबद्दल खुलासा लिहीत बसले आहे. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि आता विहीण मला बाकावर उभी करते.

हो. मीच फिरवली चावी. आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा फिरवीन.

का, ते ऐका. तुमचा गीझर छोटा, मुठीएवढा. त्यातून पाणी भराभर गेलं की तापायला वेळ मिळत नाही, कोमटच येतं. सावकाश गेलं की कडक येतं. त्या सकाळी माझ्या अंगावर कोमट पाणी आलं. मला चाललं असतं. पण माझ्यानंतर ज्ञानदा अंघोळीला येणार होती, आदल्या दिवशी सारा वेळ पाटावर बसून तिची कंबर धरली होती. तिला शेकल्यासारखं कडक पाणी मिळावं म्हणून मी हात वर करून चावी जराशी आवळली. जराशी! आणि "छान पाणी आहे" म्हणाले, कारण तुमच्या घरी पाहुणी होते. काय म्हणायचं होतं, कोमट आहे?

मी तुमच्या नळाचा गळा दाबला, बाळ ओढून न्यावं म्हणून, असं तुम्हाला वाटलं. मला ते फार लागलं, ताई. लिहायला नको होतं, पण लागलं तर लागलं.

आणि एक गोष्ट. मी हात लावला तेव्हा ती चावी आधीच पुष्कळ फिरलेली होती. माझ्या वाट्याला थोडीच उरली होती. तुमच्या घरात आणखी कुणाचे हात तिथे पोचतात ते बघा.

नाताळच्या शुभेच्छा. करंज्या पाठवते, भांडण असलं तरी.

मटिल्डा


विरार,
३० डिसेंबर २०२४

प्रिय विहीणबाई,

करंज्या खाल्ल्या. प्रत्येक करंजीबरोबर तुमचं पत्र आठवलं आणि तरी सगळ्या खाल्ल्या.

काल शनिवार नसूनही ज्ञानदा आली होती, म्हणून मी घरातच कोर्ट भरवलं. ह्यांना समोर बसवलं आणि विचारलं. आधी कानावर हात. मग म्हणाले, "दिवाळीत तुझी पाठ धरली होती ना, तुला पाणी जरा कडक मिळावं म्हणून मी किंचित फिरवली होती." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे माणूस माझ्या पाठीचा विचार करतं हे मला अँगल कॉककडून कळलं.

मग ज्ञानदा हसायला लागली. पोट धरून, म्हणजे ते मोठं पोट दोन्ही हातांनी धरून. म्हणाली, "आई, मी पण. बाबांना चटका बसेल असं पाणी आवडतं, म्हणून दर शनिवारी माझं झालं की मी थोडं बंद करते."

उरले मी. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. विहीणबाई, आता तुम्हाला काय लिहू? पोर आठवड्यातून एकदा येते, तिला गार लागू नये म्हणून शुक्रवारी कोण फिरवत होतं ते तुम्ही ओळखलं असेल. आम्ही सगळ्यांनी दुसऱ्यासाठी आवळली, आणि सोडायची कुणालाच आठवली नाही. शेवटचा हात तुमचा लागला, म्हणून सगळा आळ तुमच्यावर. माझं चुकलं. मला क्षमा करा. तुम्हाला लागलं ते वाचून मला रडू आलं, आणि ह्यांना वाटलं सिरक्याची बाटली उघडी राहिली.

आता चावी पूर्ण उघडली आहे. बादली बघता बघता भरते. ठरल्याप्रमाणे मी जिंकले. फक्त एक अडचण आहे. तुम्ही म्हणालात तेच. पाणी धो-धो येतं आणि कोमट येतं. हात घातला की कळतं, ह्यात तान्ह्या बाळाला कसं न्हाऊ घालायचं? तेव्हा मी असा विचार करते आहे की

फोन. जॅक्सनचा. ज्ञानदाला कळा सुरू झाल्या, अजून वेळ असताना. आम्ही निघतो.


राजोडी,
४ जानेवारी २०२५

प्रिय यमुनाताई,

तुमचं अर्धवट पत्र तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या हातात दिलंत, "वाचा आणि मला काही बोलू नका" म्हणालात. मी वाचलं आणि बोलले नाही. तुम्ही डब्यातली पोळी अर्धी मोडून दिलीत. पोळीला मीठ नव्हतं. तेही बोलले नाही.

आणि मग नर्स ते गाठोडं घेऊन बाहेर आली आणि विचारलं, "आजी कोण?" आपण दोघी एकदम उठलो, आणि दोघींनी एकदम दुसरीला पुढे ढकललं. ती बिचारी गोंधळून मूल घेऊन तशीच उभी. काय जावळ आहे, ताई! आणि नाक सरळ आमच्या बॅप्टिस्टचं. तुम्ही हो म्हणालात तेव्हा मला माहीत होतं की तुम्हाला ते प्रल्हादरावांचं वाटतंय. हो म्हणालात, हे मी विसरणार नाही.

उद्या ज्ञानदाला सोडतील. ती विरारलाच येईल. आपलं तसं ठरलं होतं म्हणून नाही. ज्ञानदाने शुद्धीवर आल्यावर पहिली हाक "आई" अशी मारली आणि तुमच्याकडे बघितलं. ते मी पाहिलं. त्यानंतर वाद कसला?

माझं मन मात्र ऐकत नाही. आज सकाळी सवयीने बंब पेटवला. झावळ्या छान पेटल्या, पाणी खळखळलं, आणि मग लक्षात आलं की न्हायला कुणी नाही. त्या पाण्याने ओटा धुतला. असा स्वच्छ ओटा राजोडीत कुणाचा नाही.

तुमची
मटिल्डा


विरार,
७ जानेवारी २०२५

मटिल्डाताई,

काल पहिली अंघोळ झाली. कशी झाली ते ऐका.

चावी पूर्ण उघडून पाणी घेतलं. कोमट. नातीला पायांवर घेतलं आणि तांब्या ओतला, तर पोरीने असा सूर लावला की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. मग मीच उठले, हात वर केला आणि चावी आवळली. ह्यांनी जेवढी आवळली होती तेवढी, ज्ञानदाने तेवढी, आणि शेवटी तुमच्याइतकी. धार पुन्हा दोऱ्याएवढी झाली. पण पाणी कसं! वाफ निघाली. त्यात गार मिसळून न्हाऊ घातली, तर पोरगी डोळे मिटून हसली. झोपेत हसतात म्हणतात तसं नाही, खरंच हसली.

म्हणजे आपला नळ बिघडलेलाच नव्हता. फक्त त्याच्याजवळ बसायला माणूस लागतं.

आणि तीच अडचण आहे. बादली भरायला इतका वेळ लागतो की तिच्यापाशी कुणीतरी स्टूल टाकून बसावं. हे बसले, तर पेपरात गुंतले आणि बादली ओसंडून वाहिली. मी बसले, तर बाळ कोण घेणार, शेक कोण देणार, ज्ञानदाला पेज कोण भरवणार? ज्ञानदा आतून म्हणाली, "मम्मी असत्या तर." मी म्हटलं, हेच मी मघापासून मनात म्हणते आहे.

मुलाची आई मुलीच्या माहेरी राहायला येत नाही, हे मला ठाऊक आहे. लोक काय म्हणतील? म्हणू देत. जो म्हणेल त्याला बादलीसमोर बसवीन, भरेपर्यंत तोंड बंद राहील. ह्यांची रवानगी हॉलमध्ये केली आहे. तुमचा पलंग खिडकीशी, ज्ञानदाच्या शेजारी लावला आहे. सव्वा महिना माझा आहे असं मी लिहिलं होतं ना? त्यातला अर्धा तुम्ही घ्या. नाही, अर्धा नको, सगळाच दोघींचा.

एक दिवस नातीच्या पायांवर मी पाणी ओतीन, तुम्ही तोंडाला साबण लावा. दुसऱ्या दिवशी उलट. भांडायला रोज नवं कारण मिळेल.

एलिसा संध्याकाळी हे देईल. उद्या ती निघेल तेव्हा तिच्याबरोबर या. रेडिओ आणू नका, ऐकायला भरपूर आहे.

तुमची
यमुना


राजोडी,
८ जानेवारी २०२५, सकाळी

यमुनाताई,

बंब शेजारच्या रोवेनाकडे सोपवला. मांजरीलाही. बॅग भरली, झबली इस्त्री केली, सिरका घेतला नाही.

हे पत्र एलिसाच्या टोपलीत नाही, माझ्याच हातात आहे. दार उघडलंत की वाचून दाखवीन, म्हणजे तुमच्यासमोर रडू आलं तर कागदाआड तोंड करता येईल. पण एक निरोप एलिसाला फोनवर तुम्हाला द्यायला सांगितलाय, तो आधी पोचेल.

नळ आत्ताच सोडा. राजोडीहून विरारला येईपर्यंत बादली भरत येईल.

मटिल्डा